गुडघ्याखालची उशी

आमच्या घराण्यात वैद्यकी कधी शिरली नाही. होळकरशाहीत दप्तरे सांभाळणाऱ्या पूर्वजांपासून महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्यापर्यंत सारा मामला कागदाचा. माणसाच्या हाडामांसाशी संबंध आला तो पंचनाम्यापुरता. त्यामुळे २०१९ च्या पावसाळ्यात, आम्ही नुकतेच सेवानिवृत्त झालो असताना, ग्वाल्हेरच्या वडीलबंधूंची नात इंदूरला आमच्याकडे राहून फिजिओथेरपीची पदवी घेणार असे ठरले, तेव्हा आम्ही तिचे स्वागत सरकारी थाटातच केले. म्हणजे तोंडावर आनंद आणि मनात शेरा. शेरा असा होता : ‘एम.बी.बी.एस.ला गुण कमी पडलेले दिसतात.’

रामबागेतल्या एका जुन्या स्नेह्यांनी तो शेरा मोठ्याने वाचून दाखवला. चहाचा कप खाली ठेवीत ते म्हणाले, “म्हणजे आता मालीश करण्याचीही डिग्री निघाली म्हणायची!” नात हसली. आम्हीही हसलो. ते हसणे आज आठवले की मान खाली जाते.

अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा : चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने रुग्णालयातली उमेदवारी. पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया. पुढे विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, हालचालींचे यंत्रशास्त्र, व्यायामोपचार, विद्युतोपचार. शेवटी अस्थी, मेंदू-मज्जा, हृदय-फुप्फुस अशा एकेका शाखेतले उपचार. पुस्तकांची जाडी पाहूनच आमचा शेरा थोडा फिका पडला. मग घरात हाडे आली. वरच्या वर्गातल्या मुलीकडून निम्म्या किमतीत घेतलेली हाडे तिने बैठकीत मांडली, तेव्हा सौ. दारातच थबकल्या. “प्लॅस्टिकची आहेत, आजी,” नात म्हणाली. “असेनात,” सौ. म्हणाल्या, “पण देवघराच्या भिंतीला लागून नकोत.” अखेर जिन्याखालच्या पेटीत, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी, त्या हाडांना जागा मिळाली.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. इंदुरात तर ती फार कडक होती. हाताने शिकायची विद्या मोबाइलच्या चौकोनात शिकण्याची पाळी त्या मुलांवर आली. सरावाला माणूस हवा, आणि माणसे घरात आम्ही तिघेच : आम्ही, सौ. आणि आमची धाकटी बहीण. आम्ही शरीर स्वाधीन केले. कंपासपेटीतला कोनमापक वयात येऊन त्याला दोन हात फुटावेत, तशा एका साधनाने ती आमचे खांदे, कोपरे, गुडघे मोजू लागली. त्याला गोनिओमीटर म्हणतात. निरोगी गुडघा सुमारे १३५ अंश वाकतो. आमचा ११० वर थांबला. चालताना एका पायाचा सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत जातो, हे आम्हांला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळले. त्रेसष्ट वर्षे चालत होतो, ते हिशेब न ठेवता.

धाकटीला मात्र ती हात लावीत नसे. धाकटीनेही कधी ‘मला मोज’ म्हटले नाही.

पुढचा प्रसंग २०२२ सालचा. दुपारची वेळ. आमचे गुडघे दुखत होते म्हणून दोन्ही गुडघ्यांखाली लोड घेऊन आम्ही वर्तमानपत्र वाचीत पडलो होतो. पलीकडच्या पलंगावर धाकटी मटार सोलीत बसली होती. नात महाविद्यालयातून आली आणि येताक्षणी तिने तो लोड ओढून काढला. “आजोबा, गुडघ्याखाली उशी नको. बरे वाटते, पण पाय तसाच वाकडा राहायला शिकतो. पोलिओच्या मुलांचे तर...” एवढे बोलून ती एकदम थांबली. मटाराच्या शेंगा फुटण्याचा आवाजही थांबला.

ही उशी काय होती, ते सांगितले पाहिजे.

१९६४ च्या श्रावणात धाकटीला ताप भरला. ती दोन वर्षांची, आम्ही सात वर्षांचे. चार दिवसांनी ताप उतरला, पण डावा पाय उचलेना. डॉक्टरांनी ‘पोलिओ’ हा शब्द उच्चारला, आणि इलाज काय या प्रश्नावर ‘मालीश करा आणि वाट पाहा’ एवढेच सांगितले. मालीश करणारी बाई रोज येऊ लागली. पाय सरळ केला की पोर किंचाळे. वाकवून ठेवला की शांत होई. आईने जुन्या लुगड्याची, सावरीच्या कापसाची एक लहान उशी शिवली आणि ती गुडघ्याखाली ठेवू लागली. आम्ही धाकटीच्या शेजारी झोपत असू. रात्री उशी सरकली तर ती पुन्हा गुडघ्याखाली सारायची, हे काम आमच्याकडे होते. आयुष्यातली ती आमची पहिली जबाबदारी. पुढे ज्या निष्ठेने वरिष्ठांचे हुकूम बजावले, त्याच निष्ठेने ती आम्ही बजावली. कितीतरी महिने, एकही रात्र न चुकता. धाकटी पुढे उभी राहिली, चालू लागली, पण तो गुडघा पुन्हा कधी सरळ झाला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही नातीला गच्चीवर नेऊन सारे विचारले. तिने टाळाटाळ केली नाही. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. संवेदना शाबूत राहते. म्हणून दुखते सारे, पण हलत नाही. धाकटीच्या मांडीचा पुढचा स्नायू गेला, मागचे त्या मानाने वाचले. मागचे ओढतात, पुढचा अडवीत नाही. गुडघा वाकत जातो आणि काही महिन्यांत स्नायू आखडून त्याच कोनात कायम होतो. त्या दिवसांत पाय आधार देऊन सरळ ठेवायचा, तळव्याला टेकण द्यायचे, दुखणाऱ्या स्नायूंना ऊब द्यायची, वेदना ओसरली की रोज हलक्या हाताने प्रत्येक सांधा त्याच्या पूर्ण कक्षेत फिरवायचा. ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी या बाईंनी तर गरम ओल्या लोकरीच्या घड्या वापरून आणि स्नायूंना पुन्हा काम शिकवून १९४० नंतर अमेरिकेपर्यंत आपली पद्धत पोहोचवली होती.

“म्हणजे आम्हीच...” आम्ही म्हणालो.

“एकट्या उशीने होत नाही, आजोबा. आजारच तसा असतो. पण उशी त्याच्या बाजूने होती.”

तिने आम्हांला आणखी एक गोष्ट सांगितली, ती तिच्या दृष्टीने परीक्षेचा प्रश्न होती. १९५२ साली मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार आणि मुंबई महापालिका यांच्या सहकार्याने परळच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा सुरू झाली. म्हणजे धाकटी आजारी पडली तेव्हा ही विद्या देशात येऊन दहा वर्षे उलटली होती. आणि १९६६ साली मावशीच्या लग्नाला आम्ही सगळे दादरला गेलो होतो! आई धाकटीला कडेवर घेऊन आठ दिवस त्या लग्नघरात वावरली. दादरहून परळ जेमतेम तीन किलोमीटर. त्या लग्नघरात साऱ्या नातेवाइकांनी धाकटीबद्दल हळहळ व्यक्त केली. पत्ता कुणी सांगितला नाही, कारण तो कुणालाच ठाऊक नव्हता. मालीश आणि ही विद्या यांतला फरक आमच्या स्नेह्यांना २०१९ मध्ये कळला नाही, तर १९६६ मध्ये कुणाला दोष द्यावा?

दुसऱ्या दिवशी धाकटीनेच नातीला बोलावले. “ये, तुझा तो कोनमापक घेऊन ये. एवढे कुजबुजण्यापेक्षा मोजून टाक.” धाकटीने पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, मोजमापाला ती भीत नाही. गुडघा पंचवीस अंशांत अडकलेला निघाला. मग स्नायूंची ताकद. तिला शून्य ते पाच असे गुण असतात : नुसती थरथर दिसली तर एक, वजनाविरुद्ध उचलता आले तर तीन, निरोगी स्नायूला पाच. मांडीच्या पुढच्या स्नायूला दोन मिळाले. “पाचापैकी दोन?” धाकटी म्हणाली. “मी एवढ्यात कुणाला नापास केले नाही.”

त्यानंतर नातीने तिला अंगणात चालायला लावले. धाकटी लहानपणापासून डावा हात डाव्या मांडीवर दाबून चालते. तिच्या प्रत्येक साडीचा तेवढाच भाग आधी विरतो, हे घरात सर्वांना माहीत आहे. नातीने पुस्तक आणून दाखवले. पुढचा स्नायू गेलेले रोगी हाताने मांडी मागे रेटून गुडघा आवरतात; त्या चालीला शास्त्रात नाव आहे आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. धाकटीने चष्मा लावून तो परिच्छेद दोनदा वाचला. “हे मी सहाव्या वर्षी एकटीने शोधून काढले,” ती म्हणाली. तिच्या आवाजातला अभिमान आम्ही त्याआधी कधी ऐकला नव्हता.

रात्री धीर करून आम्ही तिच्याकडे उशीचा विषय काढला. क्षमा मागायची होती, पण साठ वर्षांनी ती कोणत्या शब्दांत मागायची? ती म्हणाली, “दादा, उशीने पाय वाकला असेल. पण मला झोप लागायची ती त्या उशीमुळेच. आणि ती सरकली की कुणीतरी नीट करतो, हे मला झोपेतही कळत असे.” एवढे बोलून तिने दिवा मालवला.

येथे गोष्ट संपली असती तर आम्ही स्वतःला शहाणे समजलो असतो. पण त्याच वर्षी निवृत्तीनंतर धाकटी लवकर थकू लागली. चांगला पायही दुखू लागला. आम्ही निदान केले : बसून राहिल्याने अंग जड झाले. खात्यातल्या सवयीने तक्ता आखून भिंतीला लावला : अंगणात सकाळी दहा फेऱ्या, संध्याकाळी दहा. धाकटीने त्या इमानाने पुऱ्या केल्या. तीन आठवड्यांनी तिला खुर्चीवरून उठवेना.

नातीने तिला आपल्या शिक्षकांकडे नेले. इतर कारणे तपासून झाल्यावर त्यांनी सांगितले की, पोलिओतून वाचलेल्यांना काही दशकांनी असा नवा थकवा येऊ शकतो. वाचलेल्या मज्जापेशींनी मेलेल्यांच्या वाट्याचे स्नायूही सांभाळलेले असतात. वर्षानुवर्षे दुप्पट काम करून त्याही दमतात. अशा वेळी जास्त रेटले तर नुकसान होते. थोडे चालायचे, थकण्यापूर्वी थांबायचे, मध्ये विसावा घ्यायचा. उजव्या हातात काठी, म्हणजे दुबळ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. नातीने आमचा तक्ता भिंतीवरून काढला. त्याच्या जागी तिने दुसरा लावला. त्यात चालण्यापेक्षा विश्रांतीचे रकाने अधिक होते. ती काही बोलली नाही, पण आम्ही समजलो. तो तक्ता ही आमची दुसरी उशी होती.

१९९५ पासून पल्स पोलिओच्या मोहिमांत आम्ही तहसिलीच्या गावांत बूथ तपासत हिंडलो. पोरांच्या डाव्या करंगळीवरची शाईची खूण पाहत असू. देशातला अखेरचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या संध्याकाळी धाकटीने शाळेतून येताना पेढे आणले होते. आम्हांला वाटले, विषय संपला. रोग संपतो, पण रोग होऊन गेलेली माणसे उरतात, आणि त्यांची देखभाल शिकावी लागते, हे आम्हांला नातीच्या अभ्यासाने शिकवले.

२०२४ मध्ये तिची उमेदवारी संपली, पदवी मिळाली. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले आहे. नावाआधी ‘डॉ.’ लावावे की नाही यावर वाद आहेच. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने ते लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. आम्हांला हसू आले; अशी पत्रे आम्हीही काढली आणि मागे घेतली आहेत. रामबागेतले स्नेही मात्र आता गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला फोनवर ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात. धाकटीचा निर्णय साधा आहे : “तिला काय लावायचे ते लावू दे. मी घरातल्या नावानेच हाक मारीन.”

सध्या ती ग्वाल्हेरला लहान मुलांच्या विभागात काम करते. मेंदूला इजा झाल्याने हातपाय आखडलेली मुले तिच्याकडे येतात. मागच्या दिवाळीत आली तेव्हा आम्ही विचारले, “आयांना काय सांगतेस?” ती म्हणाली, “कितीतरी आया पायाखाली उशी ठेवूनच मूल आणतात. शिकताना आम्हांला सांगितले होते, उशी लगेच काढायला लावा. मी आधी विचारते, उशी कुणी शिवली? मग ती आई सांगते. ते पुरते ऐकते आणि मग तिच्याच हाताने काढायला लावते.”

धाकटी शेजारी बसून करंज्यांना मुरड घालीत होती. तिने वर पाहिले नाही. फक्त ताटातली एक करंजी उचलून नातीच्या हातावर ठेवली.