डोंगरावरचा धूर

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात अनुमान शिकवायचं म्हटलं की आधी डोंगर येतो. डोंगरावर विस्तव आहे. कारण धूर दिसतो. जिथे जिथे धूर तिथे तिथे विस्तव, जसा स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून विस्तव आहे. या पाच पायऱ्यांची नावं प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी नवशिक्यांसाठी 'तर्कसंग्रह' लिहिला, त्यातही हाच डोंगर आणि हाच धूर. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला तो पाठ करावा लागतो. गडचिरोलीत चैत्रात नुसती मान वर केली तरी दिसतो.

मोहफुलं पहाटे गळतात. पिवळसर, टपोरी, रसाने जड. पाचोळ्यात ती हरवतात, म्हणून झाडाखालचा पाचोळा कुणी झाडून काढतं, कुणी काडी लावतं. राखेवर फूल लांबूनही उठून दिसतं. काडी लावणारा टोपली भरून घरी जातो, आग मात्र पाचोळ्यातून सरकत राहते आणि रात्री टेकडीच्या अंगावर लाल रेघ वळवळताना दिसते. तेव्हा अनुमानाची गरजच उरत नाही.

अनुमानाची गंमत दिवसा, दुरून. वाफेला धूर समजणं ही जुन्या तार्किकांनी दाखवलेली चूक. वैनगंगेवरचं पौषातलं धुकं पाहिलं की ती का होते ते कळतं. घुग्गुसकडच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमागे उठतो तो लोटही धूर नसतोच. शिवाय उलटा प्रवास चालत नाही. धूर असेल तिथे विस्तव असतो, पण विस्तव असेल तिथे धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात धूर कुठला? धुराला ओलं जळण लागतं.

यंदा मी तर्कशास्त्राच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा पहिल्याच धड्यात सॉक्रेटिस भेटला. सगळी माणसं मर्त्य, सॉक्रेटिस माणूस, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य. अडीच हजार वर्षांपूर्वी गेलेल्या त्या बिचाऱ्याला अजून रोज कुठल्या ना कुठल्या वर्गात मारतात. पुढे जर-तरची विधानं आली. पावसाचं पाणी आलं की लाइन जाते, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. पण लाइन गेली म्हणून पाणी आलं असेलच, असं म्हणता येत नाही. लोखंडाचा गोळा तो हाच.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपण उठता-बसता म्हणतो आणि तरी कावळ्याला धरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्दला, जादूटोण्याच्या संशयावरून दलित माणसांना, म्हाताऱ्यांनाही, भर चौकात बांधून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा; तेव्हा तो आठ वर्षांचा होता. 'यानंतर हे घडलं, म्हणून यामुळे घडलं' हा तर्कदोष अभ्यासक्रमात दोन-चार गमतीदार उदाहरणांत उरकतात. मला तो तेवढ्यात उरकत नाही.

सगळ्यात जास्त मी रमलो ते अध्याहृत विधानांत, म्हणजे न बोलता गृहीत धरलेल्या गोष्टींत. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली; गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. वैनगंगेच्या दोन तीरांवर दोन कायदे, त्यामुळे पानटपरीवर वादाला तोटा नाही. 'बंदी असूनही दारू मिळतेच, मग उठवा ती बंदी,' असं एक जण म्हणतो. यात न बोललेलं विधान असं: जो कायदा मोडला जातो, तो काढून टाकावा. ते एकदा कागदावर लिहून सागवानाच्या चोरीला लावून बघा. दुसरा म्हणतो, 'दारूने संसार बुडतात, म्हणून बंदी हवीच.' यातही बंदीने पिणं कमी होतं हे गृहीत आहेच, आणि ते सिद्ध करायला माहिती गोळा करावी लागते. ते काम तर्कशास्त्र करून देत नाही. मी स्वतः बंदीच्या बाजूचा. पण माझ्या बाजूला काय सिद्ध करायचं राहिलं आहे, हे आता मला सांगता येतं.

अकरावी-बारावीच्या कला शाखेला तर्कशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे. तुमच्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो आहे का, एकदा विचारा. नसेल तर 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे. तिथे शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच शुल्क. इंग्रजीचा बाऊ करू नका, सुरुवातीच्या धड्यांना दहावीची इंग्रजी पुरते. आणि आत जंगलात राहत असाल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला आल्यावर आठवड्याचे व्हिडिओ उतरवून घ्या.