हँडलखालचा ठोका

दुचाकीच्या पुढच्या भागातून येणारा ठोका हिशेबातल्या तफावतीसारखा असतो. रोजमेळ जुळला नाही म्हणून कोणी चोपडी फाडून टाकत नाही. जुने मुनीम आधी तफावतीचा आकडा पाहत. तो नऊने भागला गेला, तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, ४५० च्या जागी ५४० लिहिले गेले असावेत. आकडा निम्मा करून तीच रक्कम वहीत आढळली, तर जमेची नोंद नावे पडली असावी. चूक सापडण्यापूर्वी तिची जात ओळखली जाई. रत्नागिरीच्या राम आळीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी जुन्या बुलेटच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडले. आधी सुटे भाग बदलले गेले, आवाजाचा विचार मागाहून झाला.

गाडी १९७८ ची, ३५० सीसीची. या जातीच्या गाड्या १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागल्या. त्यांचा मूळ आराखडा त्याहूनही जुना, इंग्लंडातील. गिअर उजव्या पायाशी, मागचा ब्रेक डाव्या पायाशी. आजच्या मुलाला ती चालवायला दिली तर पहिल्याच वळणावर त्याचा गोंधळ उडावा. घरातले वडील, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, हिच्यावरून पाली, लांजा, साखरपा, देवरुख असे फिरत. मागे कापडाचा गठ्ठा, खिशात उधारीची छोटी वही. आता वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे किक मारू देत नाहीत. दुकानाला टेम्पो आहे, मुलाला मोटार आहे, आणि गाडी पडवीत जागा अडवून बसलेली. मुलाने ती विकण्याचा विषय काढला तेव्हा अण्णांनी वाद घातला नाही. “विकायची तर नीट करून विक,” एवढेच म्हणाले.

नीट करायला कारण होते. बारीक खडीवरून हळू चालवताना हँडलखालून टक टक असा कोरडा आवाज येई, आणि पुढचा ब्रेक दाबला की एकच ठसठशीत ठोका. मोठ्या खड्ड्यात मात्र गाडी मुकाट्याने उतरे. हा शेवटचा तपशील कोणी मिस्त्रीला सांगितला नाही आणि त्यानेही विचारला नाही. गॅरेजमध्ये गाडी उभी राहिली, हँडल दोनदा दाबून पाहिले गेले आणि निकाल लागला: “शॉकअप गेले.” खोकल्याला जसे ‘हवा बदलली’ हे सर्वकाळ लागू पडणारे कारण, तसा हा निकाल.

शॉकअपची रचना समजली तर या निकालातील घाई लक्षात येते. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस एकेक नळी असते, ती वरच्या नळीवर सरकते. आत स्प्रिंग आणि तेल. धक्का स्प्रिंग झेलते. ती पुन्हा उसळू नये म्हणून तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि तिचा वेग आवरते. तेल कमी झाले तर मोठ्या खड्ड्यात नळ्या तळाला आपटतात, किंवा गतिरोधक ओलांडल्यावर चाक खाली सुटताना वरच्या टोकाला ठोका बसतो. म्हणजे तेलाचा दोष मोठ्या धक्क्यात बोलतो. नळ्यांमधले बुश झिजले तर मात्र लहान धक्क्यांतही खुळखुळ होते. आणि हे सारे ज्या दांड्यावर फिरते, त्या हँडलच्या दांड्याला वर आणि खाली छर्ऱ्यांच्या वाट्या असतात. त्या सैल झाल्या तर बारीक खडीवर टकटक आणि ब्रेक लावताना एक ठोका, अशी लक्षणे दिसतात. बुश आणि वाट्या यांचे आवाज जुळ्या भावांसारखे. नुसत्या कानाने भल्याभल्यांना ते वेगळे करता येत नाहीत.

मिस्त्रीने सील बदलले आणि नेहमीपेक्षा जाड तेल भरले. गाडी ताठ झाली, ठोका वाढला. त्यात नवल नव्हते. नळ्यांनी पोटात घ्यायचा धक्का आता तसाच वर हँडलच्या दांड्याकडे जाऊ लागला होता. मग त्याने दांड्याचा वरचा नट आवळला. आठ दिवस शांतता होती, नंतर पुन्हा तेच. पुन्हा आवळला. आवाज थांबला, पण हळू चालताना गाडी नाकासमोर जाईना. डावीकडे कलली की हँडल तिथेच रेंगाळे, सावरावे तर उजवीकडे जाई.

दरम्यान कोल्हापूरचा एक तरुण गिऱ्हाईक म्हणून ठरला. रविवारी येऊन गाडी पाहणार आणि पसंत पडली तर चालवतच आंबा घाटाने घेऊन जाणार होता. रत्नागिरी ते कोल्हापूर अंतर सुमारे १३० किलोमीटर. शुक्रवारी मिस्त्री दुकानात आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “शेठ, रविवारी सकाळी नट अर्धा फेरा आवळून देतो. बाजारातून एक चक्कर मारेपर्यंत आवाज येणार नाही.” मुलाने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. गल्ल्यावर बसलेल्या अण्णांनी ते ऐकले. दुपारी दुकान बंद झाल्यावर त्यांनी मुलाला पडवीत बोलावले.

त्यांनी मुलाला पुढचे चाक दुकानाच्या दगडी पायरीला टेकवून गाडी पुढे रेटायला लावले आणि स्वतः खाली बसून हँडलचा दांडा जिथे सांगाड्यात शिरतो त्या खालच्या सांध्यावर बोट ठेवले. ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवण्याची रीत सर्वांना ठाऊक असते, पण जुन्या ड्रम ब्रेकची प्लेट आणि लायनर यांतही थोडी ढिलाई असते आणि तिचा ठोका इतर ठोक्यांत मिसळतो. पायरीला चाक टेकवले की ब्रेक या हिशेबातून वजा होतो. बोटाला सांधा हलताना स्पष्ट जाणवला. मग बोट खाली, सरकणाऱ्या नळीच्या तोंडाशी. तिथे हालचाल नगण्य होती. बुश निर्दोष ठरले.

यानंतर त्यांनी जांभ्याचे दोन चिरे आणि वर फळी ठेवून इंजिनाला टेकू दिला, मागून वजन दिले आणि पुढचे चाक अधांतरी केले. चाक वरखाली धरून आडवे हलवले. चाकाचे बेअरिंग ठीक. मडगार्डचे बोल्ट, हेडलाइटचे घर, आसाच्या टोप्या एकेक करून हाताने तपासल्या, कारण सैल मडगार्डही फार मोठ्याने बोलते. मग हँडल एका बोटाने सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेले. मधोमध येताच ते खाचेत बसल्यासारखे अडले. “बघ,” अण्णा म्हणाले, “आता दोन्ही नळ्या खालून धर आणि ओढ.” हँडल सरळ असताना ठोका लागला. हँडल एका बाजूला वळवून पुन्हा ओढले, तर ठोका नाही.

येथे सारा उलगडा होता. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे सगळे धक्के छर्रे वाटीच्या त्याच त्याच जागी झेलतात आणि तिथे बारीक खळगे पडतात. रत्नागिरीत एका पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वारा खारा. हँडलखाली शिरलेले पाणी ग्रीस धुऊन नेते, छर्ऱ्यांना गंज चढतो आणि झिजेला मदत होते. अशा वाट्यांवर नट आवळला तर मधला खळगा भरून निघत नाही. उलट बाजूची न झिजलेली जागा जाम होते. सरळ रेषेत शांत, वळणावर ताठ. आवाज गेला म्हणून दोष गेला असे मालकाला वाटते, पण दोष कानातून निघून हातात गेलेला असतो. बाजारातल्या एका चकरेत ते कळत नाही. आंबा घाटातल्या वळणावर, एका बाजूला दरी आणि समोरून ट्रक असताना कळते. मिस्त्रीच्या अर्ध्या फेऱ्याची किंमत ही होती, आणि ती त्या तरुणाने मोजायची होती.

उपाय तसा साधा. वरखालच्या दोन्ही वाट्या, छर्रे आणि कोन असा पूर्ण संच नवा, भरपूर ग्रीस, नट इतकाच आवळायचा की ओढून ठोका लागू नये आणि हलकेच ढकलल्यावर हँडल आपल्या वजनाने बाजूला पडावे. दोन-तीनशे किलोमीटरनंतर वाट्या बसल्या की पुन्हा एकदा तपासणी. पण संच रविवारपर्यंत गावात मिळेना.

मुलाने शनिवारी रात्री गिऱ्हाइकाला फोन करून दोष सांगितला. तरीही तो आला. अण्णांनी त्याला पायरीजवळ बसवून त्याचे बोट सांध्यावर ठेवले आणि मुलाला गाडी रेटायला सांगितली. ठोका बोटाला लागताच तो तरुण हसला. त्याला वाटले होते, फोनवर दोष सांगणे ही भाव वाढवण्याची नवी तऱ्हा असावी.

बोलणी वेगळ्याच जागी अडली. मुलाने सांगितलेल्या किमतीत सील, जाड तेल आणि दोन वेळच्या मजुरीचा खर्च धरला होता. व्यापाराच्या रीतीने त्यात गैर काही नव्हते. मालावर झालेला खर्च मालावरच चढतो. अण्णांनी वही मागून घेतली आणि त्या रकमेवर रेघ ओढली. “हा खर्च गाडीवर झाला नाही, आपल्या घाईवर झाला. तो घरखाती टाक.” मुलाचा चेहरा उतरला, रक्कम अगदीच लहान नव्हती. नव्या संचाची आणि तो बसवण्याची मजुरीही किमतीतून वजा झाली. कोल्हापुरात आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून काम करून घेतो, असे तरुण म्हणाला.

चालवत नेण्याचा त्याचा आग्रह मात्र अण्णांनी मान्य केला नाही. दुकानाच्या टेम्पोत मागे जुन्या गोणपाटांवर गाडी आडव्या-उभ्या दोऱ्यांनी बांधली गेली. पहिली गाठ सैल वाटली म्हणून अण्णांनी ती सोडून पुन्हा बांधायला लावली, आणि दुपारी तीनच्या सुमारास टेम्पो हातखंब्याच्या दिशेने निघाला.