सात दिवसांतला सर्वांत अरुंद दिवस

वायदे बाजारातला ट्रेडर टोबी क्रेबल याचं 1990 सालचं पुस्तक तक्त्यांनी भरलेलं आहे. एस अँड पी, अमेरिकन सरकारी बाँड, सोयाबीन यांचे वायदे घ्यायचे. कालचा दिवस अमुक आकाराचा असेल आणि आज भाव सुरुवातीच्या पातळीपासून अमुक इतका सरकला, की त्याच दिशेने सौदा करायचा आणि बाजार बंद होताना मोकळं व्हायचं. असे सौदे किती झाले, किती फायद्यात गेले, हाती काय उरलं, हे पानामागून पान. आकार तर सगळ्यांनाच दिसतात. क्रेबलने ते मोजले, म्हणून या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

*

त्याचा गाजलेला आकार म्हणजे एनआर सेव्हन. ज्या दिवसाचा उच्चांक आणि नीचांक यांतला फरक गेल्या सात दिवसांत सर्वांत कमी, तो दिवस. त्यामागचा विचार असा की बाजार आक्रसला की पुढे पसरतो. कोणत्या बाजूला पसरेल, हे मात्र हा आकार सांगत नाही. ते दुसऱ्या दिवशीच्या ओपनिंग रेंजवर, म्हणजे बाजार उघडल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांतल्या उच्चांक-नीचांकाच्या पट्ट्यावर, सोपवलेलं असतं. वर तुटली तर खरेदी, खाली तुटली तर विक्री.

आज व्हिडिओंत आणि क्लासमध्ये नेमका हाच भाग गळतो. चार कँडल दाखवून ‘आता वरच जाणार’ असं ठासून सांगितलं जातं. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना हे विकलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

*

शिकागो विद्यापीठाच्या हॅरी रॉबर्ट्सने 1959 मध्ये यादृच्छिक आकड्यांची बेरीज करत आलेख काढला. तो हुबेहूब शेअर बाजारासारखा दिसला, नेहमीच्या ओळखीच्या आकारांसह. आकार दिसणं म्हणजे पुरावा नव्हे, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

पण म्हणून सगळंच थोतांड, असंही मी म्हणणार नाही. अँड्र्यू लो आणि सहकाऱ्यांनी 2000 साली संगणकाकडून हे आकार ओळखून घेतले, तेव्हा काहींत थोडी का होईना, माहिती सापडली. माहिती आहे, पण बारीक. पुढचा प्रश्न खर्चाचा.

*

2025 मधला हिशेब. निफ्टी 25,000 धरू, लॉट 75 चा. एका फ्युचर लॉटची किंमत 18 लाख 75 हजार. ऑक्टोबर 2024 पासूनच्या 0.02 टक्के दराने विक्रीवरचा एसटीटी हा कर 375 रुपये, म्हणजे पाच पॉइंट. दोन्ही बाजूंची वीस-वीस रुपयांची दलाली, एक्स्चेंजचं शुल्क, मुद्रांक, जीएसटी धरून मामला सात पॉइंटच्या वर जातो. रेंज तुटते त्या ब्रेकआउटच्या क्षणी सगळेच एकदम धावतात, तेव्हा भाव मागितल्यापेक्षा दोन-तीन पॉइंट वाईट मिळतो, तो वेगळा. म्हणजे सौद्यामागे सरासरी दहा पॉइंट मिळवून देणारा आकारसुद्धा हाती जवळजवळ काही ठेवत नाही. कागदावर दहा पॉइंट देणारा आकार शोधणंही सोपं नाही.

*

क्रेबलच्या काळात शिकागोच्या पिटमध्ये सकाळची घंटा म्हणजे खरोखरच नवा लिलाव असे. रात्रभर साठलेलं सगळं पहिल्या काही मिनिटांत ओरडून बाहेर पडे. आपल्याकडे सव्वानऊला निफ्टी उघडतो, पण गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत गिफ्ट निफ्टी हा निफ्टीवरचाच वायदा सकाळी साडेसहापासून चालू असतो. रात्रीची बातमी आधीच पचून गॅपमध्ये आलेली असते. तेव्हा पहिल्या पंधरा मिनिटांची रेंज इथे तेच सांगते का, हे इथल्याच आकड्यांवर तपासायला हवं. तिथला नियम उचलून इथे लावणं मला पटत नाही.

*

4 जून 2024. निवडणुकीचा निकाल. आदल्या दिवशी 23,263 वर विक्रमी बंद झालेला निफ्टी 1,379 अंकांनी कोसळला. अशा एका दिवसातली कमाई महिनोन्‌महिन्यांचे छोटे स्टॉपलॉस भरून काढू शकते. या पद्धतीचं गणितच तसं आहे. बरेच किरकोळ तोटे आणि क्वचित एखादा मोठा दिवस. सलग स्टॉपलॉस उडाल्यावर कंटाळून त्या दिवशी ज्याने सौदाच घेतला नाही, किंवा शंभर पॉइंट मिळताच घाईने स्क्वेअर ऑफ केलं, त्याच्याकडे तोटे तेवढे पूर्ण राहिले.

*

ब्राझीलमध्ये 2013 ते 2015 या काळात शेअर निर्देशांकाच्या वायद्यांत डे ट्रेडिंग सुरू केलेल्या व्यक्तींचा अभ्यास झाला. तीनशेहून जास्त दिवस टिकलेल्यांपैकी 97 टक्के तोट्यात होते.

सेबीचा सप्टेंबर 2024 चा अहवाल फ्युचर आणि ऑप्शन मिळून आहे, आणि त्यातला तोटा मुख्यतः ऑप्शनमधला. तीन आर्थिक वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, एकत्रित रक्कम 1.8 लाख कोटींहून अधिक. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात 31 टक्क्यांवरून 43 वर गेलं. समोरच्या बाजूला परदेशी संस्थांच्या नफ्यातला 97 टक्के आणि प्रोप्रायटरी ट्रेडरच्या नफ्यातला 96 टक्के वाटा अल्गोचा, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या संगणकांचा. क्रेबलने जे तक्ते मांडले, तसे लाखो तक्ते ही यंत्रं रोज तपासतात. मोबाइलवर पाच मिनिटांची कँडल बघणारा मुलगा त्यांच्यासमोर बसलेला आहे, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

*

एनएसईचे रोजचे भाव फुकट उतरवून घेता येतात. एनआर सेव्हन ओळखायला एक्सेलचं साधं सूत्र पुरतं. वाणिज्य शाखेच्या कुठल्याही विद्यार्थ्याला दुपारभरात जमेल. दुसऱ्या दिवशी रेंज खरंच वाढली का, किती वेळा, खर्च वजा जाता काय उरतं, सगळं स्वतःच्या हाताने. क्लासची फी भरण्याआधी हे करून पाहावं, असा माझा आग्रह आहे.

*

1 सप्टेंबर 2025 पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारवरून मंगळवारवर आली. वारानुसार मांडलेले जुने तक्ते त्या तारखेपाशी तोडून पुढचे वेगळे मोजावे लागतील.