पुरण काठापर्यंत

मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे राहणाऱ्या माणसाला परिपूर्णतेबद्दल सांगायला जाऊ नये. आमच्याकडे गाडी वेळेवर आली, तर लोक आधी आपलं घड्याळ कानाला लावून बघतात. नळाला पाणी आलं की वीज जाते, आणि दोन्ही एकदम आली तर समजावं, पाहुणे निघाले आहेत. अशा मुलखात आमचे शेजारी, एक निवृत्त गुरुजी, गेली वीस वर्षं शांतपणे सांगताहेत की देव परिपूर्ण आहे. त्याच्यात काही कमी नाही, काही जास्त नाही, दुरुस्तीला जागा नाही.

गुरुजी मूळचे नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण गुरुजींच्या तोंडी अजून नगरच येतं.) लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' त्यांना जवळजवळ पाठ. बदलापुरात आमच्या दारासमोर त्यांचं दार. घरात ते आणि त्यांचा धाकटा. धाकटा म्हणजे चाळिशीचा गृहस्थ, समज मात्र सहा वर्षांच्या पोराची. रोज सकाळी तो गॅलरीत उभा राहून प्रत्येक लोकलला हात करतो. डबलफास्टला जरा जास्त.

आता मी पडलो संशयी. त्यात माझी अर्धी खरेदी उल्हासनगरची. पूर्वी तिथे लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे येऊन राहिले आणि 1949 साली छावणीचं उल्हासनगर झालं. हातात काही नसताना या मंडळींनी असं गाव उभं केलं, की जगात कुठेही तयार झालेली वस्तू तिथे पुन्हा एकदा तयार होऊ लागली. 'मेड इन यू.एस.ए.' मधला यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आता आजोबा नातवांना सांगतात. त्या बाजाराने मला एक नियम शिकवला: ज्या वस्तूवर एकही ओरखडा नाही, तिच्यापासून जरा जपून राहावं.

हे मी गुरुजींना सांगितलं, तेव्हा त्यांनी मला सेंट अन्सेल्मची गोष्ट सांगितली. या साधूने 1078 च्या सुमारास देवाची खूण अशी सांगितली, की ज्याच्याहून थोर असं काही कल्पनेतसुद्धा आणता येत नाही, तो देव. आणि असा देव नुसता कल्पनेतच असेल, तर प्रत्यक्षात असणारा त्याच्याहून थोर ठरेल. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे.

"गुरुजी," मी म्हटलं, "हे साधुमहाराज उल्हासनगरला आले नव्हते. तिथला दुकानदार म्हणाला असता, साहेब बसा, त्याच्याहून भारी आतून काढतो."

गुरुजी हसले. "त्यांना त्यांच्या हयातीतच एकजण भेटला होता तसा. गॉनिलो नावाचा साधू. तो म्हणाला, मी अगदी परिपूर्ण बेटाची कल्पना केली, म्हणून ते समुद्रात वर येणार आहे का?"

हा गॉनिलो मला एकदम आवडला. बदलापुरात फ्लॅट बुक करण्यापूर्वी ज्याने बिल्डरचं माहितीपत्रक वाचलंय, त्या प्रत्येकाला तो आवडेल. चोवीस तास पाणी, कारंजं, आणि त्या कारंज्याशेजारी हसणारं कुटुंब. अन्सेल्मने पुढे उत्तर दिलं, की बेट आणि देव यांचं गणित एक नव्हे. असेलही. पण बिल्डरचंही म्हणणं साधारण तसंच असतं.

गुरुजींना इतिहासाचं वेड. एका रविवारी त्यांची प्रार्थना आटोपल्यावर आम्ही तिघे अंबरनाथचं शिवमंदिर बघायला गेलो. तिथला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी 1060 चा. तिकडे अन्सेल्म परिपूर्ण देवाचा विचार करत होता, त्याच शतकात इकडे शिलाहारांचे कारागीर काळ्या दगडात जीव ओतत होते. गाभारा मंडपाच्या पातळीच्या खाली आहे. विसेक पायऱ्या उतराव्या लागतात. उतरून वर बघावं, तर आभाळ! शिखर मध्येच थांबलेलं. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं आणि वरचं राहिलं, तेवढ्यात उजाडलं, असं लोक सांगतात.

धाकट्याने वर पाहिलं आणि टाळी वाजवली. "बाबा, वरचं राहिलंय!"

"राहू दे बाळ," गुरुजी म्हणाले, "ऊन येतं आत."

मग मला म्हणाले, "आमच्या टिळकांचंही 'ख्रिस्तायन' अपुरंच राहिलं. 1919 साली ते गेले. पुढचं लिहायला लक्ष्मीबाई बसल्या. अपुरं राहिलं, म्हणून तर दुसऱ्याचा हात लागला."

"पण मग देवाचं काय? तो तर पुरा ना?"

"तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसला हीच अडचण आली. 'परफेक्ट' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'पूर्णपणे केलेलं'. आणि देवाला तर कुणीच केलेलं नाही! त्याने स्वतःच ही शंका काढली आणि उत्तर दिलं, की आपली भाषा तोकडी आहे, बोबडे बोल आहेत, त्यातच भागवायचं."

परतीच्या गाडीत मी शेवटचा पत्ता टाकला. बदलापूरचं नाव म्हणे इथे घोडे बदलत म्हणून पडलं. "तुमच्या देवाला आमच्या गावात राहता यायचं नाही," मी म्हटलं. कारण ख्रिस्ती पंडितांचं म्हणणं असं, की देव बदलत नाही. सुधारला, तर आधी परिपूर्ण नव्हता. बिघडला, तर नंतर परिपूर्ण नाही. म्हणजे घोडा बदलायची सोयच नाही. हा युक्तिवाद मूळचा प्लेटोचा, एवढीच गुरुजींनी दुरुस्ती केली.

हे सगळं हसत-खेळत चाललं होतं. पण एकदा आमच्याकडे एक पाहुणे आले. गॅलरीतून धाकट्याला पाहून त्यांनी गुरुजींना तोंडावरच विचारलं, "तुमचा देव परिपूर्ण, मग हे असं कसं?"

सौ. चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. मला वाटलं, आता अन्सेल्म येणार, अक्वायनस येणार. कुणीच आलं नाही.

गुरुजी थोड्या वेळाने म्हणाले, "याचं उत्तर मला येत नाही. याची आई गेली तेव्हाही येत नव्हतं. एवढं ठाऊक आहे, की आमचा प्रभू मेलेल्यांतून उठला तेव्हा त्याच्या हातातल्या खिळ्यांच्या जखमा तशाच होत्या. थोमाने खूण मागितली, तर त्याने त्याच दाखवल्या. ज्याला मरण परतवता आलं, त्याला दोन भोकं बुजवता आली नसती? त्याने ठेवली. रोज याला आंघोळ घालताना मी तेवढंच आठवतो."

पाहुण्यांनी चहा घेतला. मला उल्हासनगरचा बाजार आठवला आणि माझा तो नियम. फक्त आता त्यावर हसू येईना.

नंतर गुरुजींनी मला मत्तयच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय दाखवला. स्वर्गातल्या बापासारखं व्हा, असं येशू तिथे सांगतो. आणि मराठी बायबलात 'परिपूर्ण'सुद्धा नाही, साधा 'पूर्ण' शब्द आहे. त्याच्या आधी काय, तर शत्रूवर प्रेम करा; कारण देव आपला सूर्य वाईटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, पाऊसही दोघांवर पाडतो. म्हणजे हा पूर्णपणा निर्दोष मालाचा नव्हे, कुणालाही न वगळण्याचा.

पावसाचं आम्हा बदलापूरकरांना वेगळं सांगायला नको. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा पावसाने आरक्षणवाला आणि विनातिकीटवाला असा भेद केला नाही. पण खरी गोष्ट पुढची. हजारावर माणसं सुखरूप बाहेर निघाली, आणि सोडवायला गेलेल्या होड्यांवरही कुणी तिकीट तपासलं नाही. गुरुजींचा देव मला अजून पुरता पटलेला नाही, पण तो असलाच तर त्या होड्यांच्या बाजूने असणार, याबद्दल शंका नाही.

सौ.चं मत मात्र आधीपासून ठाम आहे. तिच्या लेखी 'पूर्ण' आणि 'पुरण' हे एकाच घरातले शब्द. पोळी गोल झाली, पातळ झाली, डाग पडला नाही, याला ती विचारत नाही. पुरण काठापर्यंत गेलं पाहिजे. मधे गोड आणि कडेला कोरडी, ती पोळी नापास.

यंदा होळीला पहिलं ताट समोरच्या घरी गेलं. धाकटा पोळी मधून कधीच खात नाही. कडेपासून सुरू करतो. त्याने काठाचा तुकडा मोडला, उजेडात धरून निरखला आणि आत ओरडून सांगितलं,

"बाबा, कडेला पण आहे!"