तुपाशी, उपाशी आणि मधले

खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी. ही म्हण आपण हट्टी माणसाला ऐकवतो आणि ऐकवताना त्याची जराशी चेष्टाच करतो. मला मात्र हल्ली त्या माणसाबद्दल कुतूहल वाटायला लागलंय. त्याने तूप मागितलं, इथवर ठीक. पण तूप नाही म्हणून तो खरंच उपाशी झोपला का? की रात्री उठून शिंकाळ्यातली शिळी भाकरी खर्ड्याबरोबर खाल्ली, आणि म्हण करणाऱ्याला ते कधी कळलंच नाही?

खाण्यापिण्याबद्दल जे जे वाचतो त्यात हाच माणूस भेटतो. मांस सोडा, सगळं सुरळीत होईल. मांस खा, सगळं सुरळीत होईल. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं; रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो म्हणाले. चारच वर्षांनी संशोधकांच्या दुसऱ्या गटाने तशाच अभ्यासांकडे बघून सांगितलं, पुरावा कच्चा आहे, खाताय तेवढं खात राहा. दोघेही शहाणे.

त्यातल्या त्यात ऑक्सफर्डचा अभ्यास मला बरा वाटतो, कारण तो कोणाच्याच सोयीचा नाही. सुमारे 48,000 माणसांवर 18 वर्षं लक्ष ठेवलं. शाकाहारी आणि वेगन मंडळींत हृदयविकार 22 टक्के कमी, पक्षाघात 20 टक्के जास्त. साध्या हिशेबात, हजार माणसांमागे दहा वर्षांत हृदयविकाराचे 10 रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे 3 जास्त. दहातून तीन गेले, सात उरले, भाजी जिंकली. पण ज्याने घरातलं माणूस अर्धांगवायूने पडलेलं पाहिलंय, कूस बदलून देताना त्याच्या डोळ्यांतली शरम पाहिलीय, त्याला ही वजाबाकी जमत नाही. मला जमली नाही.

शिवाय तिथला मांसाहारी आणि आमचा मांसाहारी एका रकान्यात कसे बसणार? आमच्याकडे सोमवारी नाही, गुरुवारी नाही, चतुर्थी-एकादशीला नाही, श्रावणात तर मटणाचं पातेलंच माळ्यावर. उरलेल्या रविवारी अर्धा किलोत सहा माणसं. फोडी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात, बाईच्या भाकरीवर रस्सा. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जवळजवळ दोन तृतीयांश जणींत मांस-दुधातून मिळणारं बी-12 जीवनसत्त्व कमी आढळलं. यातल्या तुपाशी किती आणि उपाशी किती? बहुतेक जणी मधल्याच असाव्यात. त्यांच्यासाठी म्हण नाही.

आणि तुपाचं तरी काय? आजी साय विरजून, ताक घुसळून लोणी काढायची. ते कढवताना तडतड थांबेपर्यंत चुलीपासून हलायची नाही. शेवटी विड्याच्या पानाचा तुकडा टाकायची. तो कुरकुरीत झाला की तूप झालं. गाळून खाली उरलेल्या तपकिरी बेरीत साखर घालून आम्ही पातेलं बोटांनी निपटायचो. त्या बेरीला कोणी पौष्टिक म्हटलं नाही की घातक. 1937 मध्ये बाजारात आलेला डालडा पुढे घरोघर पोचला, रिकाम्या डब्यांत तुळशी लागल्या. त्यानंतर डॉक्टरांनी तूपच बंद करायला सांगितलं. मग कळलं की डालड्यासारख्या वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट हृदयाला फारच वाईट; 2022 पासून आपल्याकडे त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. आता तूप पुन्हा मानाने पाटावर बसलंय, कॉफीतसुद्धा जातंय. म्हणजे म्हणीतला हट्टी माणूस इतकी वर्षं जगला असता, तर त्याच एका हट्टासाठी आधी शहाणा, मग मूर्ख आणि पुन्हा शहाणा ठरला असता. माझी पुतणी वेगन, तिला दूध-तूपही वर्ज्य; तिच्या पंगतीतून मात्र तो दारातूनच परत गेला असता.

हट्टाचं म्हणाल, तर गांधीजींनी दूध न पिण्याचं व्रत घेतलं होतं. 1918 च्या आजारपणात शरीर पार खंगलं, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की शेळीचं दूध व्रतात कुठे येतं? त्यांनी ते घेतलं, आणि त्याची सल आत्मकथेत लिहून ठेवली. मला कस्तुरबांचं पटतं. पण ती सल उगाच होती, असंही म्हणवत नाही.

गांधीजी गेले त्याच 1948 साली बी-12 पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं. ते बोकड बनवत नाही आणि गायही नाही. बनवतात जिवाणू. गाई-शेळ्यांच्या पोटातल्या जिवाणूंनी केलेलं आपण दुधामटणातून घेतो. कारखान्यातल्या टाक्यांत जिवाणूंनीच केलेलं गोळीतून मिळतं. म्हणजे बोकड नुसता अडत्या? असं म्हटलं की पुतणीची बाजू भक्कम होते. लगेच वाटतं, औषधाच्या दुकानाशिवाय जे जेवण पुरं पडत नाही त्याला पुरं जेवण कसं म्हणायचं? आणि त्यावरही लगेच वाटतं, माझ्या मिठात आयोडीन कारखान्यातच घालतात, तेव्हा मी कधी नाक मुरडलं नाही.

पूर्वी कोणी विचारलं की मी बिनदिक्कत मांसाहारी म्हणून सांगायचो. रविवार सोडून आठवड्याचे सहा दिवस मी कोणाच्या आकड्यात मोडतो, हे आता मलाच सांगता येत नाही. पुतणीला चार गोष्टी सुनवायच्या होत्या. त्याऐवजी ती गोळी कुठली घेते, हेच विचारावंसं वाटतंय. आणि ते तिच्या काळजीने की स्वतःच्या, याचाही नीट पत्ता लागत नाही.