दोन तासांवरची दिल्ली

धाकटा भाऊ दिल्लीला नोकरीला लागला, तेव्हा आमच्या रिहे गावात पहिला प्रश्न निघाला तो अंतराचा. मी नकाशावर पट्टी ठेवून हिशेब केला. पुणे ते दिल्ली सरळ रेषेत सुमारे 1150 किलोमीटर. प्रवासी जेट विमान उंचावर ताशी 800 किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे दीड तासात पोहोचायला हवे. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून थोडे अधिक दिलेले. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, वर चढणे, उतरताना पाळीची वाट पाहणे, हे सारे त्यात धरलेले असते. झेलम एक्स्प्रेसला याच वाटेला एक रात्र आणि पुढचा आख्खा दिवस लागतो.

हे सारे मी ओसरीवर बसून आईला समजावले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इमान दोन तासांत येतंय, तर पोरगं दीड वरीस का येत न्हाई?"

या प्रश्नाचे उत्तर वेळापत्रकात नव्हते.

रिहे मुळशी तालुक्यात, पुण्याच्या पश्चिमेला. भोवती डोंगर, मधे भातखाचरे. विमानतळ लोहगावला, शहराच्या पार पलीकडच्या अंगाला. 1939 साली लष्करी विमानांसाठी झालेला हा तळ आजही वायुदलाचा. प्रवासी विमाने त्याच धावपट्टीवर उतरतात. आमच्या घरापासून तो चाळीसेक किलोमीटर. घोटावडे, माण, हिंजवडी करीत जायचे. हिंजवडीत संगणकवाल्यांच्या मोटारींची रांग लागली, की या चाळीस किलोमीटरांना किती वेळ लागेल, हे सांगणारे पंचांग अजून निघालेले नाही.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात आईचे दुखणे एकाएकी वाढले. मी रात्रीच फोन केला. भाऊ पहाटेच्या विमानात बसला आणि सकाळी लोहगावला उतरलासुद्धा. मी आईच्या कानाशी लागून सांगितले, "आला गं, पुण्यात आला." तिने डोळे उघडून दाराकडे पाहिले. बाहेर पाऊस कोसळत होता. दर अर्ध्या तासाने भावाचा फोन येई आणि दर वेळी तो जवळजवळ तिथेच असे. दिल्लीहून पुण्याला यायला लागला, त्याहून अधिक वेळ त्याला लोहगावहून रिह्याला यायला लागला. तो उंबऱ्यात आला, तेव्हा आईला जाऊन पाऊण तास झाला होता.

त्याने रस्त्याला बोल लावला नाही. तेराव्यानंतर एवढेच म्हणाला, "दादा, दोन तासांवर तर आहे, केव्हाही जाता येईल, असं म्हणत राहिलो. त्या 'केव्हाही'नं घात केला."

आता तो दिवाळीला चार दिवस आधी येतो. परतताना विमान संध्याकाळी सहाचे असले, तरी आंबेमोहोराचे गाठोडे घेऊन दुपारी बारालाच घर सोडतो. दिल्ली किती लांब, असे गावातली पोरे मला अजून विचारतात. मी आता दोन तास सांगत नाही. घरापासून घरापर्यंतचा हिशेब करतो आणि म्हणतो, "लांब आहे बाबा. जायचं असेल, तर लवकर नीघ."