माझ्याकडे तर चालतंय!

‘‘आई, स्क्रीनवर काय दिसतंय?’’

‘‘काही नाही.’’

‘‘काही नाही म्हणजे?’’

‘‘काही नाही म्हणजे काही नाही! मराठी कळतं ना रे तुला?’’

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. २२ तारखेची संध्याकाळ, दिवेआगर, आत्याच्या घराची पडवी. फोनच्या त्या टोकाला हिंजवडीतल्या ऑफिसात बसलेला माझा आतेभाऊ, या टोकाला आत्या, आणि मध्ये झोपाळ्यावर घावन खात बसलेली मी. एक रखडलेला लेख पुरा करायला ‘शांतता हवी’ म्हणून मी पुण्याहून ताम्हिणी उतरून, माणगाव-म्हसळा करत तिथवर गेले होते. शांतता! बसा आता.

त्याचं झालं होतं असं. आत्या होमस्टे चालवते. वाडीच्या कडेला चार खोल्या, जेवण घरचं. २५ ते ३१ सगळं फुल्ल. कोण कधी येणार, किती जण, अ‍ॅडव्हान्स किती, कोणाला मासे चालत नाहीत, हे सगळं तिच्या फोनमधल्या एका अ‍ॅपमध्ये. आणि त्या दिवशी सकाळपासून ते अ‍ॅप कोरं! बँकेच्या मेसेजमध्ये पैसे आलेले दिसत होते, पण कुठले पैसे कुठल्या खोलीचे, देव जाणे. तीन दिवसांनी गाड्या दारात येणार आणि आत्याला पहिल्या पाहुण्याचं नावही आठवत नव्हतं.

अ‍ॅप भावानेच बनवलेलं, खास आईसाठी. त्यामागे ३ जून २०२० आहे. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तो दिवस. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या झोपल्या. आत्याच्या घराची कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही. आणि कपाटावर ठेवलेली बुकिंगची वही भिजून लगदा. लॉकडाऊनमुळे आधीच पाहुणे नव्हते, पण तीत जुन्या गिऱ्हाइकांचे दहा वर्षांचे पत्ते होते. भाऊ तेव्हा म्हणाला होता, ‘‘आई, तुला अशी वही देतो जी कधी भिजणार नाही.’’ २०२१ मध्ये त्याने ती दिलीसुद्धा.

फोन ठेवायच्या आत शेजारचा कॉलेजकुमार डोकावला. ‘‘काकू, सोप्पंय. सेटिंगमध्ये जा, डेटा क्लिअर करा. नाहीतर अ‍ॅप उडवून परत टाका.’’ तुम्ही-आम्हीही हेच सांगितलं असतं ना? ऑफिसात काहीही बिघडलं की आपला पहिला मंत्र ‘रिस्टार्ट कर’, दुसरा ‘परत इन्स्टॉल कर’.

फोन स्पीकरवर होता. तिकडून भाऊ अक्षरशः किंचाळला, ‘‘हात लावू नका!’’

कारण त्या बुकिंगची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती. गावात रेंज येते-जाते, म्हणून त्याने मुद्दाम सगळं फोनच्याच पोटात साठवायची सोय केली होती. सर्व्हरवर बॅकअप? ते ‘नेक्स्ट व्हर्जनमध्ये करू’ म्हणून ठेवलेलं. नेक्स्ट व्हर्जन म्हणजे काय, ते आयटीतल्या कुणालाही विचारा. म्हणजे आत्याने शेजारच्या पोराचं ऐकलं असतं, तर अ‍ॅप अगदी नव्यासारखं चालू झालं असतं. आणि ख्रिसमसची बुकिंग्ज कायमची गेली असती.

‘‘पण माझ्याकडे तर चालतंय गं,’’ भाऊ मला म्हणाला. त्याच्याकडे आयफोन. आत्याकडे जुना अँड्रॉइड. कोड मात्र एकच. त्याने वापरलेलं रिअ‍ॅक्ट नेटिव्ह हे त्यासाठीच. २०१५ मध्ये फेसबुकने ते सगळ्यांना खुलं केलं. एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा. बहुतेक वेळा चालतंही.

आता भावाला आईचा फोन हातात हवा होता आणि फोन १५०हून जास्त किलोमीटर लांब. मग हात म्हणून माझी नेमणूक झाली. मास कॉमची डिग्री घेतल्यावर आयुष्यात कोडिंगशी संबंध येणार नाही, अशी माझी समजूत होती. पण पहिली पंधरा मिनिटं तर निव्वळ इंटरव्ह्यू होता. आत्या सकाळपासून ‘काही दिसत नाही’ म्हणत होती आणि भाऊ पांढरी स्क्रीन धरून चालला होता. मी फोन बघितला. पांढरी कुठे? वर नाव, खाली बटणं, आणि मधोमध वाक्य : ‘अजून एकही बुकिंग नाही.’

‘‘काय म्हणालीस? परत वाच!’’ भावाचा आवाजच बदलला. स्क्रीन पांढरी असती तर अ‍ॅप मेलेलं. पण हे जिवंत होतं. आपली वही रिकामी आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली होती. आणि हे जास्त डेंजर. कारण आत्याने एक नवं बुकिंग टाकून ‘सेव्ह’ केलं असतं, तर ती रिकामी वही जुन्या भरलेल्या वहीवर लिहिली गेली असती. आत्या दुपारी तेच करणार होती. शेगडीवर दूध उतू गेलं म्हणून वाचलो.

पुढचा भाग गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या मागे. रेंज तिथेच. आत्याचा फोन केबलने माझ्या लॅपटॉपला जोडला, लॅपटॉपची स्क्रीन भावाला दिसतेय. त्याने मला फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करायला लावलं. सातव्या टॅपला फोन म्हणाला, ‘यू आर नाऊ अ डेव्हलपर!’ अहो, खरंच! इतक्या स्वस्तात पदवी आमच्या युनिव्हर्सिटीतही मिळत नाही.

मग अ‍ॅप उघडलं आणि लॅपटॉपवर अक्षरांचा धबधबा सुरू. फोन मनातल्या मनात काय पुटपुटतो ते सगळं. त्यात एक ओळ भावाने पकडली : रो टू बिग टू फिट इनटू कर्सरविंडो.

त्याने मला जे समजावलं ते मी आत्याला असं सांगितलं. अरुंद तोंडाची बरणी आहे. लोणचं ओतताना कितीही ओतता येतं, पण काढताना एका वेळी मूठभरच निघतं. भावाच्या अ‍ॅपने सगळी बुकिंग्ज मिळून एकच लांबलचक नोंद केली होती. अँड्रॉइडवर ती एका छोट्या डेटाबेसमध्ये जाते आणि तिथून एका वेळी साधारण २ एमबीच बाहेर येतं. नोंद त्याहून मोठी झाली, वाचता येईना. आणि वाचता आलं नाही तर काय करायचं, तर ‘रिकामं समजा’, असं भावानेच कधीतरी रात्री दोनला लिहून ठेवलेलं. आयफोनवर तीच नोंद साध्या फाइलमध्ये बसते, तिथे ही अडचण नाही. ही मर्यादा लिहून ठेवलेली आहे म्हणे. वाचतो कोण?

‘‘म्हणजे लोणचं आहे ना बरणीत?’’ आत्याने एवढंच विचारलं.

आहे. पण केबल लावून थेट उचलता येत नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपची खोली वेगळी आणि किल्ली फक्त त्याच अ‍ॅपकडे. सुटका एकच : त्याच अ‍ॅपचं नवं व्हर्जन जुन्यावर टाकायचं, आणि त्याने आत जाऊन ती नोंद तुकड्या-तुकड्याने वाचायची. भाऊ लिहायला बसला. रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली. टाकली. फोन म्हणाला, ‘अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड.’

मी काय केलं? जे सगळे करतात ते. नेटवर शोधलं. पहिलंच उत्तर : आधी जुनं अ‍ॅप अनइन्स्टॉल करा. माझं बोट त्या बटणावर होतं. शपथ! नवं व्हर्जन टाकायला जुनं काढायचं, यात चूक ती काय? पण काढलं की त्याची खोलीही जमीनदोस्त. घाईत भावाने टेस्टिंगची सही असलेली फाइल पाठवली होती. सही जुळली नाही की अँड्रॉइड दारातूनच परत पाठवतं, आणि तेच बरं. मी त्याला विचारलं, तेव्हा तो काही सेकंद बोललाच नाही. मग म्हणाला, ‘‘मोबाइल खाली ठेव. आणि जेवून ये.’’

खऱ्या सहीची फाइल तयार व्हायला वेळ होता. तेवढ्यात त्याने मला नासाची गोष्ट सांगितली, बहुतेक स्वतःलाच धीर द्यायला. जानेवारी २००४. मंगळावर उतरून तीन आठवडेही न झालेला स्पिरिट रोव्हर अचानक गप्प झाला. नंतर कळलं, तो सारखा रिस्टार्ट होतोय, रात्रीही झोपत नाहीये, बॅटरी संपत चाललीय. कारण? फ्लॅश मेमरीत फाइल्सची गर्दी झालेली, प्रवासातल्या जुन्या फाइल्ससुद्धा तशाच. इंजिनीअरांनी त्याला पृथ्वीवरून सांगितलं, त्या मेमरीकडे न बघता जागा हो. तो झाला. मग साफसफाई. ९० दिवसांसाठी पाठवलेला तो गडी २०१०पर्यंत बोलत होता.

‘‘त्यांना तिथे आत्याची भाची नव्हती,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणूनच वाचला असेल,’’ भाऊ म्हणाला.

अकराला दुसरी फाइल आली. यावेळी फोनने घेतली. एक राखाडी स्क्रीन, त्यावर एकच बटण, ‘वाचा’. दाबलं. तुकडा १, तुकडा २, तुकडा ३... आणि यादी! २५ तारीख, खोली नंबर दोन, चार जण, मासे नकोत. आत्याने चष्मा लावून सगळी नावं मोठ्याने वाचली, मी वहीत उतरवून घेतली. कागदाच्या. भाऊ तिकडे वेगळ्याच गोष्टीवर अडला होता.

‘‘आई, इतकी मोठी नोंद झालीच कशी? पाहुण्यांच्या ओळखपत्राचा फोटो तर चेक-आउटला आपोआप उडतो. हे खोली नंबर पाच काय आहे? आपल्याकडे चारच खोल्या आहेत.’’

आत्या गप्प.

मी उघडलं. पाहुण्याचं नाव : वाडी. चेक-इन : २०२१. चेक-आउट : २०३०. आणि ओळखपत्राच्या जागी एक्केचाळीस फोटो, जवळजवळ दर महिन्याला एक. वादळानंतर लावलेल्या पोफळीच्या रोपांचे. पहिल्यांत नुसती माती आणि काठ्या, मग झावळ्यांच्या सावलीतली वीतभर पानं, मग माणसाच्या कमरेइतकी. चेक-आउटच झालं नव्हतं, त्यामुळे एकही उडाला नव्हता.

‘‘कुठे लिहू मग?’’ आत्या म्हणाली. ‘‘वही भिजणार नाही म्हणालास ना? पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. कुठली कधी लावली, कुठली मेली, लक्षात राहतं होय?’’

भावाने यावर काहीच म्हटलं नाही. ‘ओके’ म्हणाला, मग परत ‘ओके’.

फोटो आता वेगळ्या फाइलमध्ये जातात, प्रत्येक बुकिंगची नोंद स्वतंत्र होते, आणि रेंज आली की एक प्रत सर्व्हरवर चढते. हे सगळं त्याने २४च्या रात्रीत केलं. साडेतीन वर्षांचं ‘नेक्स्ट व्हर्जन’! खोली नंबर पाच मात्र त्याने काढली नाही.

२५ला सकाळी, पहिली गाडी यायच्या आत, नवं व्हर्जन टेस्ट करायला त्याने मला वाडीत पिटाळलं. ‘‘एक फोटो टाक, अ‍ॅप बंद कर, परत उघड. उघडतंय का सांग.’’ आत्या मागून ओरडली, ‘‘आणि आकडा बदल गो. काल एक नवीन लावलंय.’’

मी फोटो टाकला. ‘किती जण’च्या रकान्यात १३७ होते, ते १३८ केले. अ‍ॅप बंद केलं. उघडलं.

‘‘काय दिसतंय?’’ भावाने विचारलं.